गिरण्या बंद पडल्या, काम कुठे गेले?

मुंबईतील कापड गिरण्या कशामुळे बंद पडल्या, या प्रश्नाला मराठी समाजात गेली चार दशके एक ठरलेले उत्तर मिळत आले आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि त्यातच गिरण्यांचा व गिरणगावाचा अंत झाला, असे ते उत्तर आहे. कोणी त्याचा दोष नेतृत्वाच्या ताठरपणाला देतो, तर कोणी मालकांच्या जमिनीवरील डोळ्याला. परंतु दोन्ही बाजू संपालाच या घटनेचे उगमस्थान मानतात. मुंबईबाहेर नजर टाकली की हे उत्तर अपुरे पडते.

अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांनी 1861 मध्ये पहिली कापड गिरणी सुरू केली आणि पुढील शंभर वर्षांत ते शहर वस्त्रोद्योगात मुंबईच्या खालोखाल गणले जाऊ लागले. तेथील मजूर महाजन संघ ही संघटना गांधीजींनी 1918 मध्ये चालवलेल्या गिरणी लढ्यातून पुढे आली व 1920 मध्ये स्थापन झाली. लवाद आणि तडजोड हाच तिचा मार्ग राहिला, आणि 1982 साली मुंबईत संप चिघळत असताना अहमदाबादेत तसे काहीही घडले नाही. तरीही 1980 आणि 1990 च्या दशकांत तेथील पन्नासाच्या आसपास गिरण्या बंद पडल्या व बेकार झालेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केली होती आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीसारख्या सोयींसाठी ती देशात नावाजली गेली होती. तीही आजारी पडून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद झाली. ज्या अर्थी संप झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शहरांचे नशीब सारखेच ठरले, त्या अर्थी कारण संपाहून जुने आणि व्यापक असले पाहिजे.

एका छपराखालची गिरणी

हे कारण समजण्यासाठी जुनी गिरणी काय होती ते आधी पाहावे लागते. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर व नागपूर येथील बहुतेक मोठ्या गिरण्या संमिश्र होत्या, म्हणजे कापसाच्या गाठी एका दाराने आत येत आणि तयार कापडाचे तागे दुसऱ्या दाराने बाहेर पडत. कापूस पिंजणे, त्याचे पेळू करणे, चात्यांवर सूत कातणे, ताण्याच्या सुताला खळ देणे, साचेखात्यात म्हणजे मागांवर ते विणणे आणि शेवटी रंगाई-छपाई करणे, ही सारी कामे एकाच कुंपणाच्या आत आणि एकाच मालकाच्या हजेरीपटावर चालत. एका गिरणीत हजारो माणसे तीन पाळ्यांत काम करीत असल्यामुळे ती एकमेकांना ओळखत, संघटित होऊ शकत आणि कायद्याच्या नजरेतही येत.

कामगारांचे संरक्षण करणारे बहुतेक कायदे या रचनेवरच उभारले गेले. कारखाना कायदा 1948 हा, त्याच्या मूळ तरतुदीनुसार, विजेवर चालणाऱ्या आणि किमान दहा कामगार असलेल्या जागेला लागू होत असे. भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा योजना, उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी यांनाही कामगारसंख्येच्या अशाच मर्यादा आहेत. थोडक्यात, कामगाराला जे हक्क मिळाले ते त्याच्या नावाने मिळण्याऐवजी तो ज्या छपराखाली काम करतो त्या छपरामार्फत मिळाले, आणि म्हणून तेच काम उद्या दुसऱ्या, लहान छपराखाली नेले तर हे सर्व हक्क कोणताही कायदा न मोडता गळून पडतील, अशी शक्यता आरंभापासूनच या व्यवस्थेत राहून गेली होती.

विणाई गिरणीबाहेर कशी गेली

स्वातंत्र्यानंतरच्या वस्त्रोद्योग धोरणाने ही शक्यता वास्तवात आणली, आणि तेही हेतू अगदी वेगळा असताना. हातमाग हा शेतीखालोखाल रोजगार देणारा व्यवसाय गिरण्यांच्या स्पर्धेत टिकावा, यासाठी काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्यात आले आणि 1956 च्या धोरणाने गिरण्यांतील मागांची संख्या जवळपास गोठवण्यात आली. 1964 पासून गिरण्यांवर नियंत्रित कापडाचे बंधन आले; गरिबांना परवडावे म्हणून ठरावीक प्रमाणात जाडेभरडे कापड सरकारने ठरवलेल्या भावाने, प्रसंगी तोटा सोसून, विणावे असा त्याचा अर्थ होता. त्यातच मोठ्या गिरणीच्या कापडावरील उत्पादन शुल्क जास्त आणि थोडे माग चालवणाऱ्याला सवलत, असा भेद करण्यात आला.

गिरणीच्या विणाईला लागलेला हा लगाम हातमागाच्या फायद्याचा ठरेल ही अपेक्षा होती, पण फायदा तिसऱ्याच घटकाचा झाला. यंत्रमाग म्हणजे विजेवर चालणारा, गिरणीतील साच्यासारखाच पण गिरणीबाहेर, घराच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेला माग. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर आणि गुजरातेत सुरत येथे हे माग झपाट्याने वाढले, आणि त्यांतील अनेक तर गिरण्यांनीच भंगारात विकलेले जुने साचे होते. एकाच शेडमधील माग घरातील चार जणांच्या नावांवर दाखवले की कागदोपत्री चार वेगळे व्यवसाय होतात आणि शुल्काच्या सवलतीबरोबरच कारखाना कायद्यापासूनही सुटका होते, ही रीत या गावांत सर्रास रूढ झाली.

यंत्रमागाचा व्यवहारही गिरणीपेक्षा निराळा आहे. कापडाचा व्यापारी सुताची बिमे मागवाल्याला देतो, तो ठरलेल्या मजुरीवर कापड विणून परत करतो, आणि इचलकरंजीत अशा मजुरीवर माग चालवणाऱ्याला खर्चीवाला म्हणतात. सुताच्या भावाची जोखीम व नफा व्यापाऱ्याकडे राहतो, मागाची झीज आणि विजेचे बिल खर्चीवाल्याकडे येते, तर कामगाराला विणलेल्या मीटरवर किंवा पिकांवर, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मजुरी मिळते. माग बंद असलेल्या दिवसाचे पैसे त्याला मिळत नाहीत आणि पाळी आठ तासांची नसून बहुतेक ठिकाणी बारा तासांची असते. अशा रचनेत विणलेले कापड गिरणीच्या कापडापेक्षा स्वस्त पडणे अटळ होते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक कापड गिरण्यांत विणले जात होते. आज गिरण्यांच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या कापडाचे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आले आहे.

याच काळात ग्राहक सुती कापडाकडून पॉलिस्टरमिश्रित कापडाकडे वळू लागला होता आणि या बदलाला तोंड देण्यासाठी नव्या यंत्रांची गरज होती. काही कंपन्यांनी ती घेतली, परंतु अनेक मालक घराण्यांनी गिरणीतील नफा रसायने, सिमेंट व इतर उद्योगांत वळवला आणि गिरणी आहे त्या यंत्रांवर चालेल तितकी चालवली. डबघाईला आलेल्या गिरण्या चालवण्यासाठी केंद्राने 1968 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन केले आणि 1974 मध्ये शंभराहून अधिक गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. संपाच्या आठ वर्षे आधी एवढ्या गिरण्या सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या, एवढी एकच गोष्ट दुखणे किती जुने होते हे सांगण्यास पुरेशी आहे.

संपाचे स्थान

या पार्श्वभूमीवर 1982 चा संप कारण म्हणून न पाहता वेग वाढवणारी घटना म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते. कामगारांच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती आणि मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम 1946 रद्द करण्याचीही मागणी होती. या कायद्यानुसार एका भागातील एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक संघटना म्हणून मान्यता मिळते आणि वाटाघाटींचा अधिकार तिच्याकडेच राहतो; मुंबईत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि बहुसंख्य कामगार सामंतांच्या मागे उभे राहिले तरी मालकांना व सरकारला कायद्याने त्यांच्याशी बोलण्याचे बंधन नव्हते. संप तुटेपर्यंत ताणला गेला त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे.

मालकांच्या बाजूने पाहिले तर त्यांना संप लवकर मिटवण्याची निकड पूर्वीइतकी राहिलेली नव्हती. गोदामांत माल पडून होता, आणि जे कापड गिरणीत विणले जात नव्हते ते भिवंडीच्या मागांवर विणून घेऊन त्यावर गिरणीचा शिक्का मारता येत होता. 1928 च्या संपात कामगारांनी साचे थांबवले तेव्हा कापडच थांबले होते. 1982 मध्ये साचे थांबले तरी कापड थांबले नाही, आणि या एका फरकाने संपाच्या हत्याराची धार गेली. संपानंतर 1983 मध्ये सरकारने मुंबईतील 13 गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले, उरलेल्या गिरण्यांनी कमी माणसांवर काम सुरू केले आणि गावी गेलेल्या किंवा परत न घेतलेल्या हजारो कामगारांची नावे हजेरीपटावरून गेली.

न बंद केलेली गिरणी

यानंतर जे घडले ते समजण्यास बंदीचा कायदा माहीत असावा लागतो. औद्योगिक विवाद अधिनियम 1947 मध्ये 1976 साली घातलेल्या तरतुदीनुसार मोठा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे मालकावर बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये यातील बंदीविषयक कलम घटनाबाह्य ठरवल्यावर 1982 मध्ये ते सुधारून पुन्हा आणण्यात आले, आणि मर्यादा 300 कामगारांवरून 100 वर आली. परवानगीने कारखाना बंद झाल्यास प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेमागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो आणि ग्रॅच्युइटी वेगळी.

कागदावर हे संरक्षण भक्कम दिसते. व्यवहारात मात्र अनेक गिरण्या कायद्याच्या अर्थाने बंदच झाल्या नाहीत. विजेचे बिल थकायचे, जोडणी तोडली जायची, आधी तिसरी पाळी, मग दुसरी, मग एकेक खाते थांबायचे, कामगारांना ले-ऑफ म्हणजे अर्ध्या पगारावर तात्पुरती सक्तीची रजा मिळायची आणि पुढे तोही पगार येणे थांबायचे. प्रकरण औद्योगिक व आर्थिक पुनर्रचना मंडळापुढे, म्हणजे आजारी कंपन्यांच्या पुनरुज्जीवनासाठी 1985 च्या कायद्याने नेमलेल्या मंडळापुढे, वर्षानुवर्षे पडून राहायचे. गिरणी चालू नाही आणि बंदही नाही, अशा अवस्थेत कामगाराला भरपाई मागता येत नसे, तर दुसरीकडे नोकरी धरल्यास जुन्या देण्यांवर पाणी सोडावे लागेल की काय, ही भीती असे.

सरकारी मदतीची वाटही इथेच अडली. जून 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने न चालणाऱ्या गिरण्या बंद होऊ द्याव्यात हे तत्त्व प्रथमच उघडपणे स्वीकारले आणि त्याला जोड म्हणून 1986 मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आणली, जिच्यात बेकार कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के रक्कम मिळायची होती. परंतु गिरणी रीतसर बंद झालेली किंवा अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेलेली असणे ही त्यासाठीची अट होती. जी गिरणी कायद्याने बंदच झाली नाही, तिचा कामगार कायद्याने बेकारही ठरला नाही.

या उतरंडीत बदली कामगार सर्वांत खाली होते. कायम कामगाराचा खाडा झाला तर त्याच्या जागी काम मिळावे म्हणून रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकावर उभा राहणारा तो बदली, आणि अनेकांची दहा-पंधरा वर्षे अशीच गेली होती. गिरणी थांबली तेव्हा त्याच्याकडे दाखवण्यासारखा सेवेचा अखंड पुरावा बहुधा नसायचा. स्त्रियांचे जाणे त्याहूनही जुने होते. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया सुमारे पाचवा हिस्सा होत्या, प्रामुख्याने वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. सुधारित यंत्रे, रात्रपाळीवरील बंदी आणि प्रसूतिलाभाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती यांमुळे 1982 येईपर्यंत त्या नगण्य उरल्या होत्या, आणि या गळतीचा कुठे संप झाला नाही की तिचे स्मारक झाले नाही.

जमिनीचा प्रश्न

गिरणी बंद पडल्यावर उरते ती जमीन, आणि मुंबईत तिचे मोल यंत्रांपेक्षा कितीतरी पट होते. शहरातील गिरण्यांखाली सुमारे 600 एकर जागा होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने या जागेच्या पुनर्विकासाची साधारण त्रिभागणी ठरवली: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. 2001 मध्ये नियमात असा बदल करण्यात आला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची व्हावी, इमारती पाडून मोकळी होणारी जागा तीत धरू नये. बहुतेक गिरण्यांच्या आवारात बांधकामच जास्त असल्यामुळे शहराचा व कामगारांचा वाटा या एका दुरुस्तीने आकसला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये जनहित याचिकेवर शहराच्या बाजूने निकाल दिला, परंतु मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून 2001 ची दुरुस्ती कायम ठेवली.

कामगारांच्या हाती या जमिनीतून जे आले, ते संपानंतरच्या वेगळ्या लढ्याने आले. दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये उभी राहिलेली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि इतर संघटना यांच्या रेट्यामुळे म्हाडाच्या वाट्यातील घरे कामगारांना देण्याचे ठरले. 2012 च्या सोडतीत 6,925 घरे निघाली आणि पुढेही सोडती झाल्या. अर्जदार मात्र दीड लाखाच्या आसपास होते, आणि त्यांतील अनेकांच्या जागी आज त्यांचे वारस रांगेत आहेत.

काम आज कुठे आहे

गिरणीतून बाहेर पडलेला कामगार बहुधा पुन्हा कापडाकडे गेला नाही. मुंबईत तो सुरक्षारक्षक झाला, भाजीची गाडी लावू लागला किंवा कोकणात, साताऱ्यात गावाकडे परतला आणि घर चालवण्याचा भार पोळीभाजीचे डबे करणाऱ्या किंवा घरकाम धरणाऱ्या बाईवर आला. अहमदाबादेत तो रिक्षा चालवू लागला किंवा फेरीवाला झाला. वीस वर्षे साच्यावर घालवलेल्या माणसाच्या कसबाला गिरणीबाहेर गिऱ्हाईक नव्हते, कारण यंत्रमागाच्या गावांना तरुण, परप्रांतातून एकटा आलेला आणि मीटरवर राबणारा माणूस हवा होता. भिवंडीत तो उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आला.

त्यामुळे देशात कापड विणण्याचे काम संपले असे म्हणता येत नाही. संपली ती त्या कामाभोवतीची हमी. कापडाचे उत्पादन या काळात वाढतच गेले, मात्र ते विणणाऱ्याच्या हातून आठ तासांची पाळी, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा आणि संघटना ही सारी निसटली.

या बदलाचा शेवटचा अंक आता यंत्रमागाच्या गावांत सुरू आहे. सुताच्या भावातील चढउतार, विजेचे दर, 2016 ची नोटाबंदी, 2017 चा वस्तू व सेवा कर, 2020 ची टाळेबंदी आणि धोटाविरहित वेगवान मागांची स्पर्धा यांमुळे भिवंडी, मालेगाव व इचलकरंजीत साधे माग भंगारात निघत आले आहेत. गिरणी बंद पडली तेव्हा निदान ती बंद पडल्याची बातमी झाली, न्यायालयात दावे झाले आणि कामगारांच्या याद्या तयार झाल्या. आठ मागांची शेड बंद होते तेव्हा यांतील काहीच घडत नाही, कारण तेथे हजेरीपट नसतो, बंदीसाठी परवानगी लागत नाही आणि कामगार गाडी पकडून गावी निघून जातो. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने बंदीच्या परवानगीची मर्यादा पुन्हा 300 कामगारांवर नेली आहे; त्यावर वाद होत असला तरी वस्त्रोद्योगातील बहुसंख्य कामगारांच्या दृष्टीने ही मर्यादा 100 असो वा 300, फरक पडत नाही, कारण ते यांपैकी कोणत्याच आकड्याच्या आत येत नाहीत.

यावरचा मार्ग महाराष्ट्राला परका नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसारख्या, ज्यांना एक मालक व एक छप्पर कधीच नसते अशा कामगारांसाठी मंडळे स्थापन केली. कामगाराची नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी आणि तिच्यावरील अधिभार मालक मंडळात भरतो, आणि निधी, रजा व भरपाई कामगाराला मंडळामार्फत मिळते, मग त्याने महिन्याभरात किती पेढ्यांवर काम केले याला महत्त्व राहत नाही. यंत्रमाग कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाची मागणी इचलकरंजीसारख्या गावांत जुनी आहे. माथाडी मंडळांच्या कारभारात दोष आहेत आणि ते दाखवले गेलेही आहेत, परंतु हक्क जागेऐवजी माणसाला जोडण्याचे त्यांचे तत्त्व वस्त्रोद्योगाच्या आजच्या रचनेला लागू पडणारे देशी उदाहरण म्हणता येईल. अधिभाराचा बोजा खर्चीवाल्यावर न टाकता सूत देणाऱ्या व कापड उचलणाऱ्या व्यापाऱ्यावर टाकला, तर हे मंडळ चालू शकते, कारण नफा त्याच टोकाला साठतो. गिरण्या परत येणार नाहीत आणि त्या परत याव्यात असा आग्रहही व्यवहार्य नाही. परंतु गिरणी कामगारांनी शंभर वर्षांत मिळवलेले हक्क गिरणीच्या भिंतींबरोबरच पाडले गेले ही धोरणाची चूक होती, आणि ती दुरुस्त करणे अजूनही राज्याच्या हातात आहे.